अनुपमाच्या व्हिसावर

"मी इजिप्तला येणार नाही."

"तिकिटं काढलीत."

"मला न विचारता?"

"सरप्राइज होतं. तुला आवडतात ना सरप्राइजेस."

"अनु, मी सीरियसली बोलतोय. तू आणि वेदांग जा. मी घर बघतो."

"घर कशाला बघायला लागतं? घर काय चालतं कुठे? मागच्या वेळी चालत गेलं, कारण तू चालवलंस. अठराशे दिरहमचं तिकीट आहे तुझं, बावीस हजार रुपये झाले. बॅग पण भरून ठेवलीय. चल, उरलेल्या पोळ्या लाट आणि आवर."

शैलेंद्र टिपणीसच्या हातात लाटणं होतं. शारजाच्या अल नहदामधल्या सहाव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात तो गेले सात महिने पोळ्या लाटत होता, आणि सात महिन्यांत एकही धड गोल आली नव्हती. मुलगा, वेदांग, त्यांना 'आफ्रिका' म्हणायचा. २०१०चा नोव्हेंबर होता, ईदच्या सुट्ट्या लागल्या होत्या, खाली पार्किंगमध्ये लोक गाड्यांच्या डिकीत बार्बेक्यूचे कोळसे भरत होते. आणि शैलेंद्रच्या डोक्यामागे, फ्रिजच्या दारावर, आंब्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली एक फोटो होता. फोटोत एक बाई अनवाणी, पदर खोचून, हात जोडून एका दगडी किड्याभोवती प्रदक्षिणा घालत होती.

ती अनुपमा. आणि फोटो शैलेंद्रनेच काढलेला.

अनुपमा ठाण्याची. बी. कॉम. झाली, सहकारी बँकेत चिकटली, लग्न झालं, वेदांग झाला, मग बँक सोडून २००१ साली नवऱ्यामागून शारजात आली. तिच्या पासपोर्टात जो व्हिसा चिकटला त्यावर धंद्याच्या जागी 'हाउसवाइफ' असं छापलेलं होतं आणि स्पॉन्सरच्या जागी नवऱ्याचं नाव. या देशात प्रत्येक जण कोणाच्या तरी व्हिसावर असतो. नवरा कंपनीच्या व्हिसावर, बायको-पोरं नवऱ्याच्या. बायका एकमेकींना भेटल्या की पहिल्या पाच मिनिटांत हे विचारून घेतात, आपल्याकडे आडनाव विचारतात तसं.

पहिली काही वर्षं तिने मराठी मंडळाच्या गणपतीत पोरांची नाटुकली बसवली. जुन्या मोज्यांचे बाहुले करायची. एक उंदीर, एक शेख, एक टॅक्सीवाला पठाण. उंदीर मराठी बोलायचा, शेख सगळ्याला 'खलास' म्हणायचा. ते पाहून उर्मिला मॅडम नावाच्या प्रिन्सिपॉलनी तिला आपल्या शाळेच्या नर्सरीत बोलावलं. आधी मदतनीस म्हणून, मग बाहेरून बी. एड. केल्यावर टीचर म्हणून. नवऱ्याच्या व्हिसावरच्या बाईला नोकरी करायची तर नवऱ्याची एनओसी लागते. शैलेंद्रने सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला की, विसरू नकोस हां, तू टीचर आहेस ती माझ्या सहीने. अनुपमा हसली होती. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

शैलेंद्र एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. दुबई मरीनाला त्यांचे दोन टॉवर चालू होते. २००८च्या दिवाळीपर्यंत फराळाच्या डब्यांवरून सुद्धा लोक फ्लॅट बुक करण्याच्या गप्पा मारत होते. डिसेंबरात क्रेन थांबल्या. नुसत्या उभ्या. मग माणसं कमी करायचं काम निघालं, आणि कोणाला आधी काढायचं याचा आराखडा करायला प्लॅनिंगचाच माणूस बसवला. शैलेंद्रला ते जमलं. त्यांच्या साइटवर गुहागरचा महादू नावाचा फोरमन होता, दहा वर्षं कंपनीत, दर गणपतीला शैलेंद्रकडे खोबऱ्याच्या वड्या आणणारा. तोंडावर काढलं असतं तर लेबर कॅम्पातल्या पोरांना घेऊन तो ऑफिसात येऊन बसला असता. शैलेंद्रने त्याला पाठीवर हात ठेवून सांगितलं की, काम थंड आहे, महिनाभर सुट्टी काढ, बायकोला भेटून ये. महादू विमानात बसला आणि मागे त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. ना भांडण, ना रडारड.

हे त्याने जेवताना अनुपमाला सांगितलं होतं, थोडंसं अभिमानाने. किती स्मूथली झालं म्हणून. तिने विचारलं की, महादूला कळलं कधी? तो म्हणाला, परतीच्या दिवशी, मुंबई एअरपोर्टला.

जानेवारीत शैलेंद्रचा नंबर लागला.

त्याच आठवड्यात उर्मिला मॅडमनी अनुपमाला केबिनमध्ये बोलावलं. शाळा तिला स्वतःच्या व्हिसावर घ्यायला तयार होती, आणि टीचरला नवरा-मुलाला स्पॉन्सर करता येतं. म्हणजे घर राहील, वेदांगची शाळा राहील, शैलेंद्रला शांतपणे दुसरं काही शोधता येईल. तेवढी शैलेंद्रची एनओसी आणि तिचा पासपोर्ट हवा. अनुपमा धावत घरी आली. लिफ्टची वाट न बघता जिन्याने चढली.

शैलेंद्रने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी तुझ्या व्हिसावर?"

"मी आठ वर्षं तुझ्या व्हिसावर आहे."

"बायका असतात," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शैलेंद्र एकदम गोड झाला. येताना जिलबी आणली. पासपोर्ट पीआरओकडे, म्हणजे व्हिसाची कामं करणाऱ्या माणसाकडे दिलेत, एनओसी दिलीय, सगळं प्रोसेसमध्ये आहे, काळजी करू नको, असं म्हणत त्याने तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. आणि म्हणाला की, हे सगळं होईतो आपण इजिप्तला जाऊन येऊ. लग्नापासून म्हणत होतीस ना, पिरॅमिड? आपण त्याच्यापेक्षा भारी बघू. लक्झरची देवळं. आपली स्वतःची गाडी, स्वतःचा गाइड, फक्त आपल्या तिघांसाठी अख्खा दिवस.

नोकरी गेलेला माणूस एवढा खर्च का करतोय, हे तिला खटकलं. पण अकरा वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदा काहीतरी तिच्यासाठी ठरवलं होतं. तिने दोन बॅगा भरल्या. विमानतळावर पीआरओकडून परत आलेले तिघांचे पासपोर्ट नेहमीप्रमाणे शैलेंद्रच्या पाऊचमध्ये होते, त्यानेच ते काउंटरवर सरकवले. ऑफिसर पानं उलटून काहीतरी म्हणाला, शैलेंद्र हसला. काय म्हणाला, असं तिने विचारलं. "हॅव अ नाइस ट्रिप म्हणाला."

लक्झरचा गाइड सबरी नावाचा, जाडा, घामेजलेला आणि बोलका होता. हॉटेलच्या दारात गाडीचं दार उघडून त्याने अनुपमाला 'माय क्वीन' म्हटलं आणि दिवसभर तेच म्हणत राहिला. सकाळी कर्नाकला, ऊन चढायच्या आत. दोन्ही बाजूंना मेंढ्याच्या तोंडाचे सिंह ओळीने बसलेले, आणि पुढे खांबांचं रान. एकेका खांबाला कवेत घ्यायला डझनभर माणसं लागतील असे. वेदांग खांबांमागे लपत होता. अनुपमा आत शिरायच्या आधी थबकली आणि चपला काढून हातात घेतल्या. सबरी हसून म्हणाला की, राहू द्या, देव दोन हजार वर्षांपूर्वीच घर सोडून गेलेत. तरी तिने पायात घातल्या नाहीत. देऊळ म्हटल्यावर पायच पुढे होत नव्हता तिचा.

तळ्याकाठी उंच बैठकीवर एक दगडी शेणकिडा होता. लोक त्याच्याभोवती गोल फिरत होते. सबरीने सांगितलं की, याला सात फेऱ्या घालून काही मागितलं तर मिळतं. झालं. आपल्या बाईला प्रदक्षिणा शिकवायची गरज नाही. रशियन पोरी खिदळत फिरत होत्या, त्यांच्यामधून ही पदर खोचून, हात जोडून, तापायला लागलेल्या फरशीवर अनवाणी चालली. शैलेंद्र कॅमेरा घेऊन उभा होता. प्रत्येक फेरीला म्हणत होता, हां, इकडे बघ, हां, अजून एक.

"काय मागितलंस?"

"सांगितलं तर होत नाही."

"मग नको सांगू."

काय मागितलं असेल हे त्याला माहीत होतं. ते होणार नाही, हेही त्यालाच माहीत होतं. तरी त्याने आणखी एक फोटो काढला.

परतताना कैरोच्या चेक-इनला त्याने दोघांना खुर्चीत बसवून बॅगा स्वतः दिल्या. दुबईला उतरल्यावर अनुपमा सवयीने इमिग्रेशनच्या रांगेकडे वळली. दुसरा बाण ट्रान्सफरकडे जात होता, शैलेंद्र तिथे थांबला. तिने वळून हाक मारली. त्याने गळ्यातला पाऊच काढून तिच्या हातात दिला, आठ वर्षांत पहिल्यांदा.

"जा," तो म्हणाला. "दाखवून ये."

ऑफिसर तरुण होता, सभ्य होता. त्याने तिचं पान उघडून तिच्यासमोर फिरवलं.

"मॅडम, व्हिसा खलास. कॅन्सल."

तिने त्याला समजावलं. इट इज इन प्रोसेस, पीआरओ, स्कूल. त्याने शिक्क्यावर बोट ठेवलं. तारीख निघायच्या आदल्या दिवसाची होती. तिच्या मागे रांग होती, रांगेतल्या बाईने ट्रॉली तिच्या टाचेला लावली. वेदांग म्हणाला, "ममा, माय स्कूलबॅग इज ॲट होम."

ती परत आली तेव्हा शैलेंद्र तिथेच उभा होता. हातात मुंबईचे तीन बोर्डिंग पास.

"घरी सांगितलं असतं तर तू बिल्डिंग डोक्यावर घेतली असतीस," तो म्हणाला. "इथे कसं, पोलीस आहेत, माणसं आहेत. वेळ आहे अजून. कॉफी घेऊ या?"

तिने कॉफी घेतली. हे पुढे ती नेहमी सांगायची. सांगताना थांबायची आणि म्हणायची, साखर दोन पाकिटं.

चिंचवडला सासरी आल्यावर महिन्याने कार्गोतून खोकी आली. घर आवरायचं काम शैलेंद्रने मित्राला, सुजीतला दिलं होतं. कुकर आला, कुकरचं झाकण आलं नाही. मिक्सर सुजीतच्या बायकोला आवडला, तो तिच्याकडेच राहिला. मोज्यांचा उंदीर, शेख आणि पठाण कचऱ्यात गेले, कारण सुजीतला ते जुने मोजे वाटले. शैलेंद्र नातेवाइकांना सांगत होता की, अनुलाच कंटाळा आला होता हो दुबईचा. ती शेजारी बसून ऐकायची, आणि पाहुण्यांना आणखी पोहे हवेत का विचारायची.

उर्मिला मॅडमनी जुलैत फोन केला. कशा आहात वगैरे विचारलं नाही, पासपोर्टची कॉपी पाठवा, एवढंच. ऑगस्टमध्ये अनुपमा एकटी शारजात उतरली. हिवाळ्याच्या सुट्टीत येऊन वेदांगला घेऊन गेली. तोवर शैलेंद्र पुण्याच्या एका बिल्डरकडे कामाला लागला होता, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान साहेबाच्या हाताखाली. फेब्रुवारीत त्यांनीही त्याला नको म्हटलं. मग त्याचे फोन सुरू झाले. आधी वेदांगसाठी, मग तिच्यासाठी, आणि शेवटी सरळ, "माझं काहीतरी बघ ना, अनु."

तिने बघितलं. हो, दुसऱ्या कोणी बघितलं नसतं. तिच्या मैत्रिणींनी तेव्हा तिचं कौतुक केलं, किती मोठं मन म्हणून. एप्रिलमध्ये शैलेंद्र आला. शारजा विमानतळावर वेदांग त्याला बिलगला. अनुपमाने हात पुढे केला. त्याला वाटलं, बॅग घेतेय.

"पासपोर्ट," ती म्हणाली. "माझ्याकडे राहू दे. हरवतोस."

त्याच्या नव्या व्हिसावर स्पॉन्सर म्हणून तिचं नाव होतं आणि खाली छापलेलं होतं की, याला नोकरीची परवानगी नाही.

मग पोळ्या सुरू झाल्या. सकाळी वेदांगचा डबा, दुपारी भाजी, संध्याकाळी गल्लीतल्या मल्याळी ग्रोसरीतून कोथिंबीर. अनुपमा कधी आवाज चढवत नसे. तिला तशी गरजच नव्हती. मंडळाच्या गणपतीत कोणी नवीन जोडपं भेटलं की हसून ओळख करून द्यायची, "हे शैलेंद्र. माझ्या व्हिसावर असतात." सुजीतने एकदा घरी जेवायला बोलावलं तर त्याला फोनवर म्हणाली, "मला आधी सवय होती शैलेंद्रला विचारून सांगते म्हणायची. आता तुम्ही त्याला विचारा, तो मला विचारून सांगेल."

आणि फोटो. पाहुणे आले की कोणी ना कोणी पाणी घ्यायला फ्रिजशी जायचं आणि विचारायचंच, हे कुठलं? मग अनुपमा सगळी गोष्ट रंगवून सांगायची, उभं राहून, आवाज काढून. सबरीचं 'माय क्वीन'. ऑफिसरचं 'खलास'. बोट पासपोर्टावर कसं ठेवलं ते. "आणि हे कॅमेरा घेऊन उभे. हां, अजून एक. हां, इकडे बघ. यांना सगळं माहीत होतं बरं का." पाहुण्यांना हसायचं की नाही कळत नसे. बायका थोडं हसायच्या. शैलेंद्र ट्रे घेऊन आत यायचा, चहा द्यायचा, आणि ती त्याच्या हातून कप घेत विचारायची, "मी काही चुकीचं सांगितलं का रे?"

"नाही," तो म्हणायचा.

सप्टेंबरात त्याचं नशीब जरा हललं. रास अल खैमाच्या एका सिरॅमिक फॅक्टरीला प्लॅनिंगचा माणूस हवा होता. दोन इंटरव्ह्यू झाले, त्यांनी हो म्हटलं. नोव्हेंबरातली ईद संपल्यावरच्या रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, हजर व्हायचं. बाकी काही नको, फक्त स्पॉन्सरची एनओसी. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी त्याने पुरण घातलं. बेचाळीस वर्षांचा माणूस ओट्याशी उभा राहून शिट्टी वाजवत होता. एनओसीचं बोलल्यावर अनुपमा म्हणाली की, अरे वा, देते ना, शाळेच्या पीआरओकडून करून घेते. पुढे त्याने दर दोन दिवसांनी विचारलं. तिने दर वेळी सांगितलं, दिलीय, प्रोसेसमध्ये आहे. आणि त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

पहिल्या खेपेला त्याच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या खेपेला आलं. तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नव्हती.

आणि आज हे इजिप्त.

"रास अल खैमावाल्यांना मी रविवार कबूल केलाय," शैलेंद्र लाटणं ठेवत म्हणाला.

"मग जाशील की. आपण शनिवारी परत."

"आणि नाही आलो परत तर?"

"का नाही येणार? विमान आहे."

"एनओसी कुठाय?"

"पीआरओकडे."

"सुट्टी आहे त्यांना. आज कोणीच कामावर नाहीये. अनु, पासपोर्ट दाखव माझा."

"कशाला?"

"मला माझा व्हिसा बघायचाय."

"मी बघितला होता कधी?" तिने विचारलं. पर्स खांद्यावर होती, तिने ती काखेत जरा आत ओढली. "आठ वर्षं तुझ्या गळ्यात होता. एकदाही नाही मागितला."

वेदांग टोपी घालून, कॅमेरा अडकवून आतून आला. दहा वर्षांचा झाला होता, दोघांच्या मधून वाट काढायला शिकला होता. "पपा, कम ना," तो म्हणाला. "लास्ट टाइम वॉज फन. ओन्ली द एअरपोर्ट पार्ट वॉज बॅड."

शैलेंद्र स्टुलावर बसला. पिठाचे हात मांडीवर ठेवले.

"मी चूक केली, असं म्हणू का? म्हणतो. चुकलो मी. तेवढ्यासाठी चाललंय ना हे सगळं?"

"नको. ते मला नको." ती अगदी समजुतीने बोलत होती, नर्सरीतल्या पोराशी बोलावं तसं. "तू नुसतं चल. गाडी तशीच ठरवलीय, प्रायव्हेट. गाइड पण सबरीच मिळाला, फोनवर ओळखलं त्याने मला. तो दगडी किडा आहे ना, या वेळी त्याला तू प्रदक्षिणा घाल. सात. चपला काढून. फोटो मी काढेन."

"आणि मागू काय?"

"मला काय विचारतोस? पण मिळतं हं. माझं झालं ना. थोडं उशिरा झालं इतकंच."

खालून टॅक्सीवाल्याचा मिस्ड कॉल आला. अनुपमाने फ्रिजवरून फोटो काढला, मॅग्नेट परत लावलं आणि फोटो पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवला. वेदांगला म्हणाली, यल्ला, चल. तो लिफ्टचं बटण दाबायला पुढे पळाला.

दाराशी शैलेंद्रची बॅग उभी होती. तीन दिवसांच्या मानाने मोठी. त्याने ती आडवी करून चेन ओढली. सगळ्यात वर त्याचा तपकिरी हातविणीचा स्वेटर होता, आईने केलेला, जो तो फक्त चिंचवडच्या थंडीत घालायचा. त्याखाली त्याच्या सगळ्या सर्टिफिकेटांची फाइल.

तो पिठाच्या हातांनी तिथेच खाली बसून राहिला. स्वेटरवर पांढरे डाग पडले.

"एवढंच सांग," तो म्हणाला. "हो किंवा नाही. माझा व्हिसा चालू आहे का?"

अनुपमाने चपला घातल्या. डाव्या पायाचा पट्टा नीट बसत नव्हता, तिने भिंतीला हात टेकून तो बसवला. मग आपली बॅग उचलली, त्याच्या उघड्या बॅगेला वळसा घालून पलीकडे गेली, आणि दार तसंच उघडं ठेवून लिफ्टकडे चालू लागली.